सिरियल पोर्ट ड्रायव्हरचे कॉन्फिगरेशन तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे लिनक्स कर्नलमधील ८२५० या सिरियल ड्रायव्हरबद्दल आहेत. स्वतः कर्नल बांधणारे, एखाद्या बोर्डासाठी दुसऱ्याने तयार केलेले कॉन्फिगरेशन तपासणारे आणि सर्व्हरवर सिरियल कन्सोल (सिरियल तारेवरून यंत्राचे संदेश पाहण्याची आणि आदेश देण्याची सोय) चालवणारे अशा वाचकांना समोर ठेवून ती लिहिली आहेत. पर्यायांची नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत. कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये तीच नावे रोमन मोठ्या अक्षरांत, अधोरेषेने जोडलेली आणि आरंभी ‘कॉन्फिग’ लावलेली आढळतील.

हा ड्रायव्हर नेमक्या कोणत्या हार्डवेअरसाठी आहे?

८२५० ही नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची चिप होती आणि १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर ती घरोघरी पोहोचली. पुढे १६४५०, १६५५० आणि १६५५०ए या चिपा आल्या. रजिस्टरांची, म्हणजे चिपच्या नियंत्रणासाठीच्या छोट्या जागांची, मूळ मांडणी तीच राहिल्यामुळे एकच ड्रायव्हर त्या सर्वांना पुरतो. आज सुटी १६५५० चिप क्वचितच दिसते, परंतु तिच्यासारखे वागणारे सर्किट पीसीच्या चिपसेटमध्ये, पीसीआय कार्डांवर, मोबाइल व राउटरच्या प्रोसेसरांत आणि आभासी यंत्रांतही असते. म्हणूनच या ड्रायव्हरचे कॉन्फिगरेशन हा जुन्या काळाचा विषय नाही. मात्र त्यातील काही पर्याय निश्चितच जुन्या काळाचे आहेत आणि तपासणीत ते वेगळे काढावे लागतात.

पर्यायांची संख्या पाहूनच गोंधळ होतो. तपासणी कोठून सुरू करावी?

प्रत्येक पर्यायासमोर एक प्रश्न ठेवावा: याचे उत्तर कोणाला माहीत असते आणि केव्हा? काही उत्तरे कर्नल बांधणाऱ्यालाच ठाऊक असतात, उदाहरणार्थ बोर्डावरचा प्रोसेसर कोणता आहे. काही उत्तरे यंत्र सुरू करणाऱ्याला बूटच्या वेळी ठरवता येतात, जसे की कन्सोल कोणत्या पोर्टवर आणि किती वेगाने चालवायचा. काही उत्तरे खुद्द चिपकडून मिळतात. फिफो, म्हणजे बाइट तात्पुरते साठवणारी रांग, आहे की नाही हे ड्रायव्हर तिलाच विचारतो. फिफो चालू करण्याचा आदेश देऊन इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) ओळखणाऱ्या रजिस्टरचे वरचे दोन बिट वाचले, की १६४५०, सदोष १६५५० आणि १६५५०ए यांतील फरक कळतो.

या ड्रायव्हरच्या कॉन्फिगरेशनमधील बहुतेक दोष एकाच प्रकारचे असतात. जे चालू यंत्रावर ठरायला हवे ते बांधणीच्या वेळी गोठवलेले असते, किंवा जे बांधणीच्या वेळीच ठरायला हवे ते नंतर बघू म्हणून सोडलेले असते. पुढील बहुतेक उत्तरांत हाच धागा आढळेल.

चालू कर्नल कोणत्या पर्यायांनी बांधला आहे हे कसे पाहावे?

बहुतेक वितरणांमध्ये बूट निर्देशिकेत कर्नलच्या आवृत्तीच्या नावाची कॉन्फिग फाईल असते. ‘आयके कॉन्फिग प्रॉक’ हा पर्याय चालू असेल तर प्रॉक निर्देशिकेतही तीच माहिती दाबलेल्या स्वरूपात मिळते. छोट्या बोर्डांवर हे दोन्ही मार्ग पुष्कळदा बंद असतात, आणि जागा वाचवण्यासाठी हे बंद ठेवणे ही माझ्या मते चुकीची काटकसर आहे.

तपासणी नेहमी अंतिम फाईलची करावी. आपण लिहिलेला तुकडा आणि त्यातून तयार झालेली फाईल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या पर्यायाची पूर्वअट पूर्ण झाली नाही, तर कॉन्फिगरेशनची यंत्रणा कोणतीही त्रुटी न दाखवता तो पर्याय गाळून टाकते. कर्नलच्या स्रोतात दोन कॉन्फिग फाईलींमधील फरक दाखवणारी ‘डिफकॉन्फिग’ ही छोटी स्क्रिप्ट आहे. प्रत्येक बदलानंतर ती चालवण्याची सवय असावी.

मूळ ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधावा की मॉड्यूल (गरजेप्रमाणे नंतर चढवला जाणारा वेगळा भाग) म्हणून?

वर सांगितलेला गळतीचा प्रकार सर्वांत जास्त येथेच घडतो. ‘सिरियल ८२५० कन्सोल’ हा पर्याय मूळ ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल तरच उपलब्ध असतो. कोणी कर्नलचा आकार कमी करण्याच्या हेतूने मूळ ड्रायव्हर मॉड्यूल केला, की कन्सोलचा पर्याय गुपचूप नाहीसा होतो, बांधणी यशस्वी होते, यंत्रही सुरू होते, आणि सिरियल तारेवर मात्र काहीच दिसत नाही. बूट अर्ध्यावर अडकले असेल तर कारण शोधण्याचे साधनही त्याच वेळी हातातून गेलेले असते.

ज्या यंत्राला पडदा जोडलेला नाही किंवा जे दूरच्या डेटा सेंटरमध्ये आहे, त्यावर मूळ ड्रायव्हर आणि कन्सोल हे दोन्ही कर्नलमध्येच बांधावेत. पीसीआय कार्डांसाठीचे किंवा विशिष्ट चिपांसाठीचे उपड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवायला हरकत नाही, मात्र कन्सोल त्यांच्यापैकी एखाद्यावर अवलंबून नसावा. लॅपटॉपवर यातील काहीही मॉड्यूल असले तरी चालते.

‘एनआर यूआर्ट्स’ आणि ‘रनटाइम यूआर्ट्स’ यांत फरक काय?

यूआर्ट म्हणजे सिरियल पोर्ट चालवणारी चिप. पहिला पर्याय कमाल मर्यादा ठरवतो. ड्रायव्हर एकूण किती पोर्ट सांभाळू शकेल हे त्यावरून बांधणीच्या वेळीच निश्चित होते, आणि त्यात पीसीआय किंवा एसीपीआयमधून (फर्मवेअरने दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनातून) सापडणारे तसेच नंतर जोडले जाणारे पोर्टही मोजले जातात. दुसरा पर्याय बूटच्या वेळी किती पोर्टांची नोंदणी करायची ते सांगतो. दोन्हींचे मूळ मूल्य ४ आहे. दुसरे मूल्य ‘८२५०.एनआर_यूआर्ट्स’ हा पॅरामीटर कर्नलच्या आदेशओळीत देऊन बदलता येते. पहिले बदलता येत नाही, आणि मर्यादेपेक्षा मोठी संख्या दिली तर ती मर्यादेवरच आणली जाते.

यातून होणारी नेहमीची तक्रार अशी असते: आठ पोर्टांचे पीसीआय कार्ड बसवले, पण काहीच पोर्ट दिसतात. कर्नलच्या नोंदींमध्ये पोर्टची नोंदणी करता आली नाही असा संदेश आणि वजा २८ हा त्रुटी क्रमांक आढळला, तर कार्डावर संशय घेण्याचे कारण नाही. २८ म्हणजे जागा शिल्लक नाही. मदरबोर्डवरील पारंपरिक पोर्टांसाठी राखलेल्या जागा आधीच गेलेल्या असतात आणि उरलेल्या जागांत कार्ड मावत नाही. जुन्या कर्नलांमध्ये नंतर सापडणाऱ्या पोर्टांनाही ‘रनटाइम’ संख्येच्या आतच जागा शोधावी लागत असे. अलीकडच्या कर्नलांमध्ये ती संख्या गरजेप्रमाणे कमाल मर्यादेपर्यंत वाढते. त्यामुळे जुन्या कर्नलसाठी दोन्ही मूल्ये वाढवावीत, नव्यासाठी पहिले पुरते.

कमाल मर्यादा ३२ ठेवल्याने खर्ची पडणारी मेमरी सर्व्हरवर नगण्य असते. काही मेगाबाइट मेमरीच्या बोर्डावर मात्र प्रत्यक्ष पोर्ट मोजूनच संख्या द्यावी.

यंत्रावर एकच पोर्ट असताना चार पोर्टांच्या फाईली कशा दिसतात?

पीसीच्या परंपरेनुसार चार पोर्टांचे पत्ते ठरलेले आहेत. षोडशमान पद्धतीत पहिल्याचा पत्ता ३एफ८, दुसऱ्याचा २एफ८, तिसऱ्याचा ३ई८ आणि चौथ्याचा २ई८ असतो. पहिला व तिसरा इंटरप्ट क्रमांक ४ वापरतात, दुसरा व चौथा क्रमांक ३. ड्रायव्हर ‘रनटाइम’ संख्येइतक्या जागा नोंदवतो आणि त्या पत्त्यांवर चिप आढळली नाही तरी उपकरणाची फाईल राहते. अशा फाईलवर वेग बदलण्याचा प्रयत्न केला तर ‘इनपुट/आउटपुट एरर’ मिळते.

खात्री करण्यासाठी प्रॉक निर्देशिकेतील ‘टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल’ ही फाईल रूट म्हणून वाचावी. प्रत्येक ओळीत चिपचा प्रकार, पत्ता, इंटरप्ट आणि गेलेल्या-आलेल्या बाइटांची मोजणी असते, आणि जेथे चिप नाही तेथे प्रकार ‘अननोन’ असतो. ज्या बोर्डांवर पारंपरिक पत्ते मुळातच नाहीत, त्यांच्यासाठी ‘रनटाइम यूआर्ट्स’ शून्य ठेवणे हा स्वच्छ उपाय आहे, परंतु वर सांगितलेला जुन्या-नव्या कर्नलांचा फरक आधी तपासावा. रास्पबेरी पायच्या कर्नलमध्ये हेच केलेले असते: बांधणीत शून्य असते, आणि फर्मवेअरच्या कॉन्फिग फाईलमध्ये ‘एनेबल_यूआर्ट=१’ लिहिले की फर्मवेअर आदेशओळीत पोर्टांची संख्या १ करून देते. निर्णय योग्य थरावर ढकलल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

‘एक्स्टेंडेड’ या पर्यायाखालचे नेमके काय ठेवावे?

‘सिरियल ८२५० एक्स्टेंडेड’ स्वतः कर्नलमध्ये काहीही घालत नाही, तो फक्त पुढचे प्रश्न उघडतो. त्यांतील चारांकडे लक्ष द्यावे.

‘मेनी पोर्ट्स’ हा एएसटी फोरपोर्ट, अ‍ॅक्सेंट, बोका अशा आयएसए (जुन्या पीसींमधील कार्डे जोडण्याचा मार्ग) कार्डांसाठी आहे. यंत्रात आयएसए फटच नसेल तर याचा उपयोग नाही. पीसीआय कार्डावर आठ पोर्ट आहेत म्हणून हा पर्याय चालू करणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हवा असतो तो कमाल संख्येचा पर्याय.

‘शेअर आयआरक्यू’ हा एका इंटरप्टवर अनेक साध्या पोर्टांना बसवणाऱ्या कार्डांसाठी आहे. पीसीआय पोर्टांसाठी संबंधित उपड्रायव्हर सामायिक इंटरप्टची परवानगी स्वतःच मागतो, त्यामुळे केवळ पीसीआयसाठी तो चालू करण्याची गरज नसते. आयएसए मार्गावर इंटरप्ट पातळीवर नव्हे तर कडेवर ओळखला जातो आणि दोन स्वतंत्र कार्डांनी एकच रेषा ओढणे तेथे विद्युतदृष्ट्याही धोक्याचे असते. बिगर-सिरियल उपकरणांबरोबर इंटरप्ट वाटून घेणाऱ्या मॉड्यूल पॅरामीटरच्या वर्णनात ‘असुरक्षित’ हा शब्द आहे, तो याच कारणासाठी.

‘डिटेक्ट आयआरक्यू’ बंद ठेवावा. यात कर्नल पोर्टकडून इंटरप्ट उठवून तो कोणत्या रेषेवर आला याचा अंदाज घेतो, आणि खुद्द मदतीच्या मजकुरातच हे असुरक्षित असून ‘सेटसिरियल’ या आदेशाने इंटरप्ट सांगणे बरे असे म्हटले आहे. आश्चर्य याचे वाटते की ६४-बिट एक्स८६ च्या प्रमाण कॉन्फिगरेशनमध्ये हा पर्याय वर्षानुवर्षे चालू राहिला आहे. प्रमाण फाईलमध्ये आहे म्हणजे योग्यच असणार, हे गृहीतक म्हणूनच तपासणीत धरू नये.

‘आरएसए’ हा आयओडेटा कंपनीच्या एका विशिष्ट आयएसए कार्डासाठी आहे. कूटलेखनातील आरएसएशी त्याचा काडीचाही संबंध नाही. कार्ड नसेल तर बंद ठेवावा.

११५२०० बॉडला बाइट गळतात. हा कॉन्फिगरेशनचा दोष आहे का?

आधी गळती कोठे होते ते ठरवावे. वर उल्लेखलेल्या प्रॉक फाईलमध्ये ‘ओई’ ही मोजणी वाढत असेल, तर चिपचा फिफो भरून वाहिला आहे. ‘एफई’ वाढत असेल तर बाइटाची चौकटच चुकते आहे, म्हणजे वेग जुळत नाही, जमिनीची तार सैल आहे किंवा केबल लांब आहे. तेथे कोणताही कर्नल पर्याय कामाचा नाही.

फिफो वाहण्याचे गणित सोपे आहे. ११५२०० बॉडला, आठ बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट अशा मांडणीत एका बाइटाला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट आणि एका बाइटाला सुमारे ८७ मायक्रोसेकंद. १६५५०ए चा फिफो १६ बाइटांचा आहे आणि किती बाइट साचल्यावर इंटरप्ट द्यायचा यासाठी १, ४, ८ आणि १४ अशा चार पायऱ्या आहेत. ड्रायव्हर मूळात ८ ची पायरी वापरतो. तेव्हा इंटरप्ट आल्यापासून फिफो भरेपर्यंत आणखी ८ बाइटांचा, म्हणजे सुमारे ६९४ मायक्रोसेकंदांचा अवकाश मिळतो. १४ ची पायरी निवडली तर इंटरप्टांची संख्या सेकंदाला १,४४० वरून सुमारे ८२३ वर येते, परंतु अवकाश १७४ मायक्रोसेकंदांवर घसरतो. एखादा दुसरा ड्रायव्हर त्याहून अधिक काळ इंटरप्ट बंद ठेवत असेल तर बाइट गेलेच.

ही पायरी बांधणीच्या वेळी ठरवण्याचा पर्याय नाही, आणि ते योग्यच आहे. सिसएफएसमध्ये (उपकरणांचे गुणधर्म फाईलींच्या रूपात दाखवणाऱ्या निर्देशिकेत) प्रत्येक पोर्टखाली ‘आरएक्स_ट्रिग_बाइट्स’ ही फाईल असते आणि रूटला तीत संख्या लिहून पायरी बदलता येते. १० लिहिले तर ड्रायव्हर खालची ८ ची पायरी घेतो, म्हणून लिहिल्यानंतर ती फाईल पुन्हा वाचून पाहावी. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर मूल्य मूळपदावर येते; ते टिकवायचे असल्यास, उपकरण सापडल्यावर ठरलेले नियम चालवणाऱ्या यूडेव्हचा नियम लिहावा.

चिप १६५५० अशी ओळखली गेली, तर तिचा फिफो सदोष असल्याचे मानून ड्रायव्हर तो वापरतच नाही आणि प्रत्येक बाइटाला स्वतंत्र इंटरप्ट येतो. अशा पोर्टवर मोठा वेग वापरू नये.

मॉडबसवर मीटर उत्तर देतो, पण ते उशिरा पोहोचते. का?

ऊर्जामापक, तापमान नियंत्रक आणि वजनकाट्यांचे दर्शक आरएस-४८५ वर (एका तारेवर अनेक उपकरणे जोडण्याच्या पद्धतीवर) मॉडबस आरटीयू या औद्योगिक संवादपद्धतीने बोलतात, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. मॉडबसमध्ये एक संदेश संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांइतकी शांतता असते. १६५५०ए मध्ये मात्र पायरीपेक्षा कमी बाइट पडून राहिले, तर चार अक्षरांइतका काळ काहीही न घडल्यावर इंटरप्ट येतो. मीटरचे उत्तर सात बाइटांचे असेल आणि पायरी ८ असेल, तर ते सातही बाइट त्या चार अक्षरांच्या प्रतीक्षेनंतरच कर्नलला कळतात. ९६०० बॉडला ही प्रतीक्षा चार मिलिसेकंदांच्या आसपास जाते. एका मीटरला ती खपून जाते. एका तारेवर तीस मीटर ओळीने वाचायचे असतील तर खपत नाही.

उपाय म्हणजे पायरी १ करणे. ९६०० बॉडला सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट येतात आणि तितके इंटरप्ट कोणताही आधुनिक प्रोसेसर सहज पेलतो. ‘सेटसिरियल’मधील ‘लो_लेटन्सी’ या खुणेवर अनेकांचा भरवसा असतो, परंतु ती फिफोची पायरी बदलत नाही.

आरएस-४८५ ची दिशा (पाठवणे की ऐकणे) बदलण्याचे काम प्रोग्राममधून आरटीएस रेषा हलवून करू नये, कारण शेवटचा बिट तारेवरून गेला की नाही हे प्रोग्रामला वेळेत कळत नाही. त्यासाठी कर्नलमध्ये वेगळा आयओसीटीएल (प्रोग्रामने ड्रायव्हरला सूचना देण्याचा मार्ग) आहे. डिव्हाइस ट्री (बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन करणारी फाईल) वापरणाऱ्या बोर्डांवर बूटपासूनच आरएस-४८५ चालू करण्याचा गुणधर्मही देता येतो. हार्डवेअर दिशा सांभाळत नसेल, तर काही उपड्रायव्हर ते काम सॉफ्टवेअरने करतात. आपला त्यांत आहे का, हे स्रोतात पाहूनच ठरवावे.

कन्सोल चालू केला, पण बूट फार मंद झाले. काय तपासावे?

कन्सोलच्या आदेशात वेग दिला नाही तर ९६०० बॉड धरला जातो. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. बूटचा वृत्तान्त पन्नास हजार अक्षरांचा असला तर केवळ तो छापण्यात पन्नास सेकंदांहून अधिक जातात. वेग ११५२०० द्यावा, आणि उत्पादनात गेलेल्या यंत्रांवर संदेशांची पातळी कमी ठेवावी.

आदेशओळीत कन्सोल एकापेक्षा अधिक वेळा देता येतो आणि संदेश सर्वांवर जातात, पण कन्सोलचे मुख्य उपकरण मात्र शेवटी लिहिलेले ठरते. बूटच्या स्क्रिप्टांचे संदेश पडद्यावर येतात आणि सिरियलवर येत नाहीत, अशी तक्रार असेल तर पर्यायांचा क्रम पाहावा. ड्रायव्हर सुरू होण्यापूर्वीचे संदेश हवे असल्यास ‘अर्लीकॉन’ वापरावा. त्याला पोर्टचा पत्ता द्यावा लागतो किंवा तो डिव्हाइस ट्रीमधून मिळतो.

वेगाच्या शेवटी ‘आर’ लावला तर कन्सोल हार्डवेअर प्रवाहनियंत्रण वापरतो. दुसऱ्या टोकाला तीनच तारांची केबल असेल, तर होकार कधीच येत नाही आणि प्रत्येक अक्षरामागे कर्नल वाट पाहत बसतो. बूट मंद होण्याचे हेही एक कारण आहे, आणि ते ओळखायला वेळ लागतो.

सिरियल कन्सोलवरील सिसआरक्यू धोक्याचा आहे का?

सिरियल तारेवर ब्रेक (रेषा नेहमीपेक्षा जास्त वेळ एकाच स्थितीत धरण्याचा संकेत) पाठवून त्यापाठोपाठ एक अक्षर पाठवले की कर्नलला थेट आदेश देता येतो, त्यात यंत्र तत्काळ पुन्हा सुरू करण्याचाही समावेश आहे. अडकलेल्या यंत्रासाठी ही मोठी सोय आहे. परंतु पोर्टची रेषा मोकळी लोंबकळत असेल, तर विद्युत गोंगाटच ब्रेकसारखा दिसू शकतो. यासाठी दोन पर्याय तपासावेत: सिरियलवरील सिसआरक्यू पूर्ण बंद करणारा, आणि ब्रेकनंतर आपण ठरवलेली अक्षरांची मालिका आल्याशिवाय सिसआरक्यू जागा न करणारा. दुसरा पर्याय कमी लोकांना माहीत आहे आणि मला तोच जास्त पसंत आहे.

‘१६५५०ए व्हेरिएंट्स’ बंद केल्यास काही बिघडेल का?

बहुधा नाही. हा पर्याय चालू असताना ड्रायव्हर १६५५०ए च्या अनेक भावंडांची चाचणी घेतो आणि त्यात बूटचा थोडा वेळ जातो. पोर्टचा उपयोग केवळ साध्या कन्सोलसाठी असेल तर तो बंद करावा. एक्स८६ वर तो मूळातच बंद असतो. मोठ्या फिफोची जुनी कार्डे वापरात असतील तर मात्र बंद करण्यापूर्वी ओळखल्या गेलेल्या चिपचा प्रकार टिपून ठेवावा आणि बदलानंतर तो पुन्हा पाहावा.

डीएमएचा पर्याय हवा का?

डीएमए म्हणजे प्रत्येक बाइटासाठी प्रोसेसरला न गुंतवता मेमरीशी थेट देवाणघेवाण. हा पर्याय केवळ क्षमता जोडतो. उपड्रायव्हर आणि हार्डवेअर या दोहोंनी डीएमए जोडले असेल तरच तो वापरला जातो. साध्या पीसी पोर्टवर त्याने काही फरक पडत नाही. ब्लूटूथ चिपसारखे उपकरण मेगाबॉडच्या वेगाने बोलत असेल तर चालू ठेवावा.

प्रोसेसरच्या चिपसाठीचा उपड्रायव्हर कसा निवडावा?

बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमधील ‘कंपॅटिबल’ ओळ किंवा एसीपीआयमधील ओळख पाहावी, अंदाज करू नये. सिनॉप्सिसच्या डिझाइनवेअर पोर्टांसाठी वेगळा उपड्रायव्हर आहे आणि त्याला कारण आहे: तो पोर्ट व्यस्त असताना मांडणीच्या रजिस्टरात लिहिलेले मूल्य नाकारू शकतो आणि त्याबद्दल स्वतंत्र इंटरप्टही देतो. सर्वसाधारण ड्रायव्हरला हे वागणे माहीत नसते. इंटेलच्या काही प्रोसेसरांसाठी ‘एलपीएसएस’, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपांसाठी ‘ओमॅप’, रास्पबेरी पायच्या छोट्या पोर्टसाठी ‘बीसीएम२८३५ऑक्स’ असे पर्याय आहेत. पायच्या या छोट्या पोर्टचा वेग चिपच्या मुख्य घड्याळावर बांधलेला असतो. घड्याळ बदलले की बॉडही सरकतो, म्हणून फर्मवेअरमध्ये ते स्थिर करावे लागते.

आर्मचा पीएल०११ हा पोर्ट या कुटुंबातला नाही. त्याचा ड्रायव्हर वेगळा आणि उपकरणाचे नावही ‘टीटीवायएएमए’ असे वेगळे असते. यूएसबीवरून सिरियल देणाऱ्या केबलींचेही तसेच आहे: त्यांचे पर्याय यूएसबी विभागात शोधावेत, ८२५० च्या पर्यायांना कितीही हात लावला तरी त्यांच्यावर परिणाम होणार नाही.

कर्नलने पोर्ट ओळखला, पण त्याची फाईलच तयार झाली नाही. असे कसे?

डिव्हाइस ट्रीमध्ये त्या पोर्टच्या पोटात एखादे उपकरण, उदाहरणार्थ ब्लूटूथ चिप, लिहिलेले असेल आणि ‘सिरियल डेव्ह बस’ चालू असेल, तर तो पोर्ट थेट त्या उपकरणाच्या ड्रायव्हरला दिला जातो. वापरकर्त्याच्या प्रोग्रामांसाठी फाईल मुद्दामच तयार होत नाही. हा बिघाड नव्हे.

‘डेप्रिकेटेड ऑप्शन्स’ चालू ठेवावा का?

डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीत मॉड्यूलचे नाव अनवधानाने ‘८२५०_कोअर’ झाले आणि त्यामुळे पॅरामीटरांची नावेही बदलली. पुढे जुने नाव परत आणले गेले, परंतु मधल्या काळात कोणी आपल्या बूट फाईली बदलल्या असतील तर त्या मोडू नयेत म्हणून दोन्ही रूपे स्वीकारण्याची सोय ठेवली गेली. आपल्या आदेशओळीत आणि मॉड्यूलच्या फाईलींत ‘८२५०_कोअर’ शोधावे. सापडले नाही तर पर्याय निश्चिंतपणे बंद करावा.

ड्रायव्हरमध्ये नवा पर्याय घालणारा पॅच तपासायला आला, तर काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे तो पर्याय असायलाच हवा का. चिप स्वतः सांगू शकते ती गोष्ट कॉन्फिगरेशनमध्ये विचारू नये, आणि एकाच कर्नलवर चालणाऱ्या दोन यंत्रांची उत्तरे वेगळी असू शकतील तर बांधणीचा पर्याय हे चुकीचे ठिकाण आहे. वितरण तयार करणारा एकच कर्नल हजारो प्रकारच्या यंत्रांना देतो. त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणायला लावून आपण त्यांतल्या काही यंत्रांचे नुकसान ठरवून टाकतो.

पर्याय आवश्यक ठरला तर मूळ मूल्याकडे पाहावे. नव्या हार्डवेअरचा पर्याय आपोआप ‘होय’ नसावा, कारण ते हार्डवेअर बहुतेकांकडे नसते. अपवाद तेव्हाच, जेव्हा आधीपासून चालणारी गोष्ट नव्या पर्यायामागे गेली असेल आणि जुन्या फाईली वापरणाऱ्यांचा पोर्ट एकाएकी बंद पडण्याची शक्यता असेल. त्यानंतर अवलंबित्वे पाहावीत: उपड्रायव्हर मॉड्यूल आणि मूळ ड्रायव्हर कर्नलमध्ये अशी, तसेच दोन्ही मॉड्यूल अशी, बांधणी प्रत्यक्ष करून पाहावी. विशिष्ट प्रोसेसरापुरत्या पर्यायाला ‘कंपाइल टेस्ट’ची वाट ठेवली असेल तर ते हार्डवेअर नसलेल्यांनाही संकलनातील चुका पकडता येतात.

मदतीचा मजकूर शेवटी वाचावा, पण वरवर वाचू नये. त्यात हार्डवेअरचे नाव, पर्याय बंद ठेवल्यास काय हरवेल आणि खात्री नसेल तर कोणते उत्तर द्यावे या तीन गोष्टी हव्यात. ‘अमुक चिपसाठी आधार जोडतो’ एवढ्या एका ओळीवर पॅच आला, तर तो मजकूर पुन्हा लिहून मागण्यात संकोच करू नये.